काळी एक: रॉक, पंक आणि मेटलमधले माझे जिवाभावाचे अल्बम

ब्लॅक सॅबथ या इंग्लिश मेटल बँडचा 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' हा अल्बम मी आमच्या गिरगावातल्या चाळीत पहिल्यांदा लावला, तेव्हा मी अकरावीत होतो आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, पलीकडच्या खोलीत पेटीचा भाता दुरुस्त करत बसले होते. चौथे गाणे, 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह', सुरू झाले तसे ते उठून आले. आता ओरडा बसणार, असे समजून मी टेपरेकॉर्डरकडे हात नेला, पण त्यांनी मला थांबवले, पेटी पुढे ओढली, एक पट्टी दाबून पाहिली, मग तिच्या शेजारची दाबली आणि म्हणाले, "अरे, हा काळी एकमध्ये वाजवतोय. ही तर आमच्या बुवांची पट्टी." अप्पा भजनी मंडळात पेटी वाजवत. त्यांना इंग्रजी गाण्यातला एक शब्दही कळत नव्हता, परंतु त्या गिटारचा मूळ स्वर कुठे लागला आहे, हे त्यांनी अर्ध्या मिनिटात ओळखले होते.

गिटारची सर्वांत जाड तार साधारणपणे पांढरी तीनला, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या स्वराला, लावतात. सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी याने १९७१ च्या या अल्बममध्ये काही गाण्यांसाठी ती तब्बल दीड स्वर खाली, काळी एकपर्यंत उतरवली, आणि त्यामागचे कारण त्याच्या हातात होते. बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात, वयाच्या सतराव्या वर्षी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर चामडे चढवले, हलक्या तारा वापरल्या, आणि पुढे ताराच सैल केल्या, म्हणजे त्या दाबायला कमी जोर लागेल. आपल्याकडे गवई आपला षड्ज गळ्याला झेपेल तिथे लावतो. आयोमीने तो बोटांना झेपेल तिथे लावला. त्या सैल तारेतून जो जडशीळ, खर्जातला नाद निघाला, त्याच्यावर मेटलचा पुढचा सारा डोलारा उभा आहे.

तेव्हापासून कोणताही अल्बम ऐकताना मी हेच पाहत आलो आहे, की त्याने आपली पट्टी ठरवली आहे का आणि शेवटच्या गाण्यापर्यंत ती सांभाळली आहे का. पट्टी म्हणजे इथे केवळ स्वर नव्हे. वेग, आवाजाचा पोत, बोलण्याची रीत, सगळेच त्यात आले. माझ्या फडताळात शेकडो कॅसेट आणि एलपी आहेत, परंतु या कसाला उतरलेले थोडेच आहेत आणि त्यांच्याविषयीच मी इथे लिहिणार आहे.

'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' जेमतेम ३४ मिनिटांचा आहे. त्याची सुरुवातच आयोमीच्या खोकल्याने होते. तो खोकला टेपवर फिरवून पुन्हा पुन्हा ऐकवला आहे आणि त्याच्या पाठोपाठ 'स्वीट लीफ'चा रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी स्वरावली, असा काही कोसळतो, की स्वस्तातल्या स्पीकरचीही जाळी थरथरते. बिल वॉर्डचे ड्रम 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह'मध्ये घोड्याच्या टापांसारखे एकसारखे दौडतात. 'सॉलिट्यूड' हे मात्र वेगळेच प्रकरण आहे. बँडचा गायक ऑझी ऑस्बोर्न त्यात इतक्या खालच्या, हळव्या आवाजात गातो, की अनेकांना तो ओळखूच येत नाही. त्यातली बासरीही आयोमीचीच आहे. 'एम्ब्रियो' हा अर्ध्या मिनिटाचा तुकडा नसता, तरी माझे काही बिघडले नसते. पाच जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर, स्वतःच्या जुन्या वस्तीच्या अंगणात, ऑझीने सिंहासनावर बसून शेवटचा कार्यक्रम केला आणि २२ जुलैला तो गेला. ती बातमी आली त्या रात्री मी दिवा मालवून 'सॉलिट्यूड'च लावले होते.

याच बँडच्या १९७० च्या पहिल्या अल्बमबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. त्याच्या शीर्षकगीताचा रिफ षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम एवढ्या तीनच स्वरांवर उभा आहे. यमनात जो तीव्र मध्यम आपल्याला संध्याकाळची शांतता देतो, तोच इथे पंचमाचा आधार काढून घेतल्यामुळे आणि संथ लयीत एकटा थरथरत सोडल्यामुळे अंगावर काटा आणतो. हा अल्बम जवळजवळ सगळा एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला आहे. ज्यांना शास्त्रीय संगीताची सवय आहे आणि मेटल म्हणजे नुसता गोंगाट असे ज्यांना वाटते, त्यांनी सुरुवात इथून करावी.

लेड झेपेलिनचा चौथा अल्बम १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये आला. त्याच्या कव्हरवर ना बँडचे नाव आहे, ना अल्बमचे. 'स्टेअरवे टू हेवन' हे त्यातले गाणे इतके वाजवले गेले आहे, की मला त्याच्याकडे आता ताज्या कानाने पाहता येत नाही. पण शेवटचे 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' मात्र मी आजही प्रत्येक नवीन स्पीकरवर आधी लावून बघतो. मूळ गाणे १९२९ चे, मिसिसिपीच्या पुरावरचे. हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वाड्याच्या प्रवेशदालनात, जिन्याच्या तळाशी, जॉन बॉनमचे ड्रम मांडले आणि मायक्रोफोन वर जिन्यावरून टांगले. त्यामुळे प्रत्येक ठोक्याबरोबर आपल्याला त्या भिंती, ती उंची, तो रिकामा जिना ऐकू येतो. आमच्या चाळीच्या जिन्यात गणपतीत ढोल वाजत असे, तेव्हा चौथ्या मजल्यावर उभे राहून जे ऐकू यायचे, त्याच्याशी या आवाजाचे जवळचे नाते आहे.

याच अल्बममधल्या 'फोर स्टिक्स'चा मुंबईशी थेट संबंध आहे. पाच आणि सहा मात्रांची वळणे घेत जाणारे हे गाणे बॉनमने दोन्ही हातांत दोन दोन काठ्या धरून वाजवले, त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. पुढे १९७२ मध्ये बँडचा गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लँट मुंबईत आले असताना त्यांनी इथल्या वादकांना घेऊन हे गाणे आणि 'फ्रेंड्स' अशी दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. ती टेप तब्बल चार दशकांहून अधिक काळ तशीच पडून होती आणि २०१५ मध्ये झेपेलिनच्याच 'कोडा' या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत ती अखेर बाहेर आली. ती ऐकताना तालीम चालू आहे असे जाणवते, वाद्यमेळ जागोजागी चाचपडतो, हे खरे. परंतु तबला एकदा त्या विषम मात्रांवर स्वार झाला, की मूळ गाण्यात जे अवघड वाटत होते ते एकदम सहज होते. ही आवृत्ती विकत घ्यायची असेल, तर केवळ या दोन गाण्यांसाठी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पंककडे, म्हणजे रॉकच्या त्या झटपट, ओबडधोबड शाखेकडे, मी उशिरा वळलो. रामोन्सचा पहिला अल्बम, १९७६, चौदा गाणी आणि २९ मिनिटे. सारा खर्च ६,४०० डॉलर. जॉनी रामोन गिटारवर हात सतत खालच्या दिशेनेच मारतो आणि त्या एकाच हालचालीतून चौदाही गाणी निघतात. बास डाव्या बाजूला आणि गिटार उजव्या बाजूला, अशी सरळ वाटणी आहे. ही गोष्ट मला चर्चगेटच्या गाडीत कळली. वॉकमनचा एकेक इअरफोन वाटून घेऊन मी आणि माझा मित्र ऐकत होतो; तो म्हणाला की यात गिटारच नाही, आणि मला मात्र बास कुठे आहे ते सापडत नव्हते. हा अल्बम दोन्ही कान मोकळे ठेवूनच ऐकावा.

द क्लॅशचा 'लंडन कॉलिंग' हा माझ्या मते पंकमधला सर्वांत मोठ्या मनाचा अल्बम आहे. डिसेंबर १९७९ मध्ये आलेला हा दुहेरी अल्बम, एकोणीस गाण्यांचा, बँडने हट्टाने एकाच तबकडीच्या किमतीत विकायला लावला. त्यात जमैकातले रेगे आहे, स्का आहे, जॅझची झुळूक आहे, जुने रॉक अँड रोल आहे, स्पेनच्या यादवीवरचे गाणे आहे. आणि तरीही एकाही ठिकाणी पट्टी सुटत नाही, कारण मुख्य गायक जो स्ट्रमर याचा आवाज जिथे येतो तिथे त्याच कळकळीने, जरा फाटूनच, लागलेला आहे. बास वाजवणाऱ्या पॉल सिमननने यात पहिल्यांदाच स्वतः लिहिलेले आणि स्वतः गायलेले गाणे दिले, 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन'. त्याचा बास इतका ठाशीव आहे, की पुढची कित्येक गाणी विसरली तरी तो बोटांत राहतो. कव्हरवरच्या छायाचित्रातही तोच आहे: न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये बास जमिनीवर आपटतानाचा, किंचित अस्पष्ट, पेनी स्मिथने टिपलेला. अक्षरे मात्र एल्व्हिस प्रेस्लीच्या पहिल्या अल्बमसारखी गुलाबी आणि हिरवी आहेत. मोडायचे आहे तेही आणि ज्याचे ऋण आहे तेही एकाच कव्हरवर. शेवटचे 'ट्रेन इन व्हेन' ऐन वेळी घातले गेल्यामुळे मूळ कव्हरवरच्या यादीत त्याचे नावच नव्हते.

शीर्षकगीतात नदी फुगून शहर बुडते आहे आणि गाणारा नदीकाठीच राहतो. मी ते वर्षानुवर्षे एक चांगले गाणे म्हणून ऐकत होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मी कुर्ल्याहून मुलुंडपर्यंत रात्रभर चालत आलो. काही ठिकाणी छातीपर्यंत पाणी, पुढच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर माझा हात आणि माझ्या खांद्यावर मागच्याचा. चार दिवसांनी वीज आली आणि हे गाणे लावले, तेव्हा शेवटी गिटारमधून मोर्सच्या लिपीत जो एसओएसचा संकेत टिकटिकतो, तो मला पहिल्यांदा खरोखर ऐकू आला. त्याआधी तो गाणे संपत आल्याचा आवाज आहे, एवढेच मी समजत होतो.

याच अल्बमची एलपी मागवताना मला फार वाईट अनुभव आला, तो इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून नोंदवतो. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून तीन हजारांवर रुपये मोजून मी नवीन प्रत घेतली. मे महिन्यात आलेले ते खोके हाताला गरम लागत होते. पहिली तबकडी ठीक होती, दुसरीला मात्र बाक आला होता. टर्नटेबलवर ती फिरू लागली, की सुई भरतीतल्या होडीसारखी वरखाली व्हायची आणि 'द कार्ड चीट'मधला पियानो दर फेऱ्याला रडवेला व्हायचा. पाकीट फोडले आहे, एवढ्या कारणावरून त्या विक्रेत्याने परत घेण्यास साफ नकार दिला. तेव्हापासून मी उन्हाळ्यात एलपी मागवत नाही. दुकानात गेलो, तर तबकडी डोळ्याच्या पातळीवर आडवी धरून तिची कड पाहतो. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत तबकडीवर आणि कव्हरवर बुरशीचे पांढरे ठिपके धरतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये द्रवरूप साबणाचे दोन थेंब टाकून मऊ कापडाने खाचांच्या दिशेने, गोल, पुसायचे, मधल्या कागदी लेबलला पाणी लागू द्यायचे नाही आणि पूर्ण वाळल्यावरच आत घालायचे. एलपी कायम उभ्या ठेवाव्यात. रिदम हाऊस हे संगीताचे दुकान २०१६ मध्ये बंद झाले, त्याआधी काळा घोड्याला जाऊन, आधी ऐकून आणि मग विकत घेण्याची जी सोय होती, तिची आठवण अशा वेळी फार येते.

एक्स-रे स्पेक्स या पंक बँडच्या 'जर्मफ्री अ‍ॅडोलसन्ट्स' (१९७८) बद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तो वर्णनापेक्षा ऐकण्याचा आहे. पॉली स्टायरीन ही अवघ्या एकवीस वर्षांची मुलगी प्लास्टिक, जाहिराती आणि स्वच्छतेचे वेड यांवर जिवाच्या आकांताने गाते आणि तिच्या शेजारी सॅक्सोफोन तेवढ्याच त्वेषाने किंचाळतो. पंक हा फक्त रागावलेल्या पोरांचा मामला आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी हा अल्बम अवश्य घ्यावा.

स्लेअर या मेटल बँडचा 'रेन इन ब्लड' (१९८६) मला अमेरिकेहून आलेल्या मावसभावाने दिला. पहिली बाजू संपली, दुसरी लावली, तर तीच गाणी पुन्हा सुरू! कॅसेट बिघडलेली आहे, अशी माझी खात्रीच झाली. पुष्कळ दिवसांनी कळले, की दहा गाण्यांचा हा अल्बम अर्ध्या तासाच्याही आत संपत असल्यामुळे कॅसेटच्या दोन्ही बाजूंवर तो सबंधच्या सबंध भरलेला होता. निर्माता रिक रुबिन याने आवाजावरचा घुमारा काढून टाकला, त्यामुळे एवढ्या प्रचंड वेगातही प्रत्येक ठोका सुटा, कोरडा आणि धारदार ऐकू येतो. 'एंजल ऑफ डेथ'मध्ये एका क्षणी सगळी वाद्ये थांबतात आणि डेव्ह लोम्बार्डोचे दोन पाय तेवढे डबल बास ड्रमवर चालू राहतात. तबल्याचा रेला ऐकणाऱ्याला ती सफाई लगेच उमगेल. परंतु त्या गाण्याचे शब्द नाझी डॉक्टर मेंगेलेच्या क्रौर्याचे तपशीलवार वर्णन करतात आणि त्यावर आपली भूमिका काय, हे कुठेच सांगत नाहीत. या मौनाचा मला आजही त्रास होतो. वाद्यवादनासाठी हा अल्बम माझ्या पहिल्या पाचांत आहे. तो घरात मुले असताना मी लावत नाही.

आयर्न मेडनचा 'पॉवरस्लेव्ह' (१९८४) तुलनेने सगळ्यांसमोर लावावा असा आहे. 'एसेस हाय' आणि 'टू मिनिट्स टू मिडनाइट' ही पहिल्या बाजूची गाणी सरळ आणि भरधाव आहेत, मधली दोन-तीन माझ्या मते साधारण आहेत, आणि शेवटी कोलरिजच्या १७९८ च्या कवितेवर बांधलेले 'राइम ऑफ द एन्शंट मॅरिनर' येते. साडेतेरा मिनिटांहून मोठ्या या गाण्याच्या मध्यावर सगळे संथ होते, वारा पडतो, लाकडी जहाज करकरते, बास एकटाच हळूहळू पावले टाकतो आणि खर्जातल्या आवाजात मूळ कवितेच्या ओळी ऐकू येतात. एक फेब्रुवारी २००८ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर मेडनने आपल्या जगभरच्या दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम केला; गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः विमान चालवणारा वैमानिक आणि सारा बँड त्याच विमानाने फिरणारा. ते करकरणे मैदानात सुरू झाले, तेव्हा हजारो माणसे एकदम गप्प झाली. माझ्या पुढे एक साठीचे गृहस्थ डोळे मिटून उभे होते आणि त्यांची बोटे मांडीवर बासचा ठेका धरत होती. रंगभवनातल्या इंडिपेन्डन्स रॉक या महोत्सवापासून मी मुंबईत बरेच कार्यक्रम पाहिले आहेत, पण अशी शांतता मला फक्त मोठ्या गवयांच्या मैफलीतच माहीत होती.

शेवटी आपल्या शहराचा अल्बम. मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शन या बँडने २०१७ मध्ये 'दशावतार' काढला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार आणि दहा गाणी; साहिल मखिजा कधी गुरगुरत्या, तर कधी स्वच्छ आवाजात गातो. माझी आई मालवणकडची. लहानपणी जत्रेत रात्र रात्र जागून आम्ही दशावतार पाहिला आहे. पूर्वरंगात काळ्या कफनीतला, उंच टोकदार टोपीचा, लाल जीभ लोंबणारा संकासुर आला, की आम्ही पोरे आईच्या मागे लपायचो. वेद चोरणाऱ्या त्याच असुराला मारण्यासाठी मत्स्यावतार झाला. अल्बममधले पहिले 'मत्स्य' मी आईला ऐकवले. ती गुरगुर सुरू होताच तिने भाजी निवडता निवडता मान वर केली आणि म्हणाली, "हो तर संकासुर!" मेटलमधला हा आवाज लोकांना परका वाटतो, परंतु कोकणात राक्षसाला शतकानुशतके असाच आवाज आहे आणि पखवाज, झांज आणि पेटी त्याच्या मागे अशीच तुटून पडतात.

वादनाची तयारी उत्तम आहे आणि 'नरसिंह'मधला खांब फुटण्याचा आवेश मला फार आवडतो. मात्र काही ठिकाणी सिंथेसायझरचे थर इतके दाट झाले आहेत, की गिटार त्यांखाली दबते. आणखी एक गोष्ट खटकते. नववे गाणे बुद्धावर आहे. ज्या मुंबईत चैत्यभूमी आहे आणि जिथे बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही ही बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांतली प्रतिज्ञा घराघरात पाठ आहे, तिथे या गाण्याने पारंपरिक यादी आहे तशी स्वीकारण्यापूर्वी थोडे थांबायला हवे होते. माझ्या नायगावच्या मित्राने हा अल्बम आवडीने विकत घेतला आणि ते एक गाणे वगळून बाकीची नऊ त्याच्या फोनवर ठेवली आहेत. गेल्या महिन्यात तो घरी आला, तेव्हा आम्ही त्याच्या क्रमाने, 'कृष्ण'वरून थेट 'कल्की'वर जात, सगळा अल्बम ऐकला; अप्पांची पेटी कोपऱ्यात होती, ती मी पुढे ओढली आणि 'कल्की'ची पट्टी शोधत बसलो.